अंगणाचा पहारा

वैशाखांत खानदेशांतील माणसाला घरांत झोंप येत नाहीं. जळगांव, भुसावळ, धुळें या बाजूला मे महिन्यांत दुपारचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीं दहा वाजले तरी ऊब सोडीत असतात, आणि मग गाद्या, गोधड्या, पाण्याचा माठ व घरांतील लहानथोर मंडळी अशी सारी वरात जिन्यानें गच्चीवर जाते. खेड्यांतील धाब्याच्या घरांत हीच रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. वर चांदण्यांत कुटुंब गाढ झोंपलेलें आणि खालीं कपाटें, दागिने व कागदपत्रें असलेलें घर मात्र निर्मनुष्य, ही स्थिति चोराला किती सोयीची आहे, हें निराळें सांगावयास नको. माणसें गच्चीवर निजलीं असतां खालच्या मजल्यावर चोरी झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यांत वृत्तपत्रांतून आपण वाचतोंच.

या भीतीमुळें शहरांतील अनेक सुशिक्षित कुटुंबें घरांत अलार्मची योजना करूं लागलीं आहेत. दाराखिडक्यांना लोहचुंबकाच्या कळा, दिवाणखान्यांत हालचाल टिपणारा सेन्सर, भिंतीवर पॅनेल आणि छज्जाखालीं भोंगा, असा हा संसार असतो. तो एकदां थाटला कीं दुसरी इच्छा साहजिकच मनांत येते. चोर दाराशीं येईपर्यंत वाट कां पाहावी? त्यानें अंगणांत पाऊल टाकतांच भोंगा कां वाजूं नये? इच्छा अगदीं रास्त आहे. परंतु ती पुरी करण्याची जी सोपी वाट वाटते, म्हणजे घरांतल्यासारखाच एक सेन्सर बाहेर ठोकावयाचा आणि त्याची तार भोंग्याशीं नेऊन भिडवावयाची, ती बहुधा फसवी ठरते. असें कां होतें आणि अंगणाचा पहारा नीट कसा बसवावा, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

धुळ्यांत देवपूर भागांत माझे एक स्नेही राहतात. निवृत्त शिक्षक, घरांत पतिपत्नी दोघेंच. मुलांच्या आग्रहावरून त्यांनीं अलार्म बसवून घेतला आणि अंगणांतील सेन्सरही दारांच्याच तारेंत जोडून घेतला. पहिल्या रात्रीं मांजर कंपाउंडावरून गेलें आणि भोंगा वाजला. शेजारचे लोक काठ्या घेऊन धांवत आले. चौथ्या रात्रीं वावटळ सुटली, निंबाच्या फांद्या हालल्या, भोंगा पुन्हां वाजला. त्या वेळीं शेजाऱ्यांनीं खिडकींतूनच विचारपूस केली. दहाव्या रात्रीं कोणाच्या खिडकींत दिवाही लागला नाहीं. शेवटीं स्वतः गुरुजीच कंटाळले आणि निजतांना सारी योजना बंद करूं लागले. पुढें जूनच्या आरंभीं एका रात्रीं परसदाराची कडी उचकटून चोर आंत शिरला आणि गुरुजींच्या पत्नीच्या पाटल्या घेऊन गेला. सकाळीं पंचनाम्याला आलेल्या पोलिसांनीं भिंतीवरील पॅनेलकडे बोट दाखवून तें चालतें का, असें विचारलें. तें उत्तम चालत होतें; फक्त बंद होतें.

या हकिगतींत यंत्राचा दोष थोडा आणि योजनेचा अधिक आहे. भोंगा चोराला धरीत नाहीं. तो माणसांना हांक मारतो. त्या हांकेला ओ देणारें कोणी उरलें नाहीं, तर भोंगा असून नसल्यासारखाच. लांडगा आला रे आला, म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतों. तीच गोष्ट आपल्या घरावर बसवून घेण्यांत शहाणपण नाहीं. म्हणून बाहेरच्या पहाऱ्याविषयीं पहिला नियम असा धरावा, कीं अंगणांतील सेन्सरनें घरच्यांना जागें करावें. शेजाऱ्यांना जागें करण्याचा अधिकार त्याला एकट्याला देऊं नये. हा नियम कां पाळावयाचा, हें कळण्यासाठीं सेन्सर पाहतो काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

घरोघर बसविला जाणारा हालचालीचा सेन्सर स्वतः कांहींच बाहेर सोडीत नाहीं. तो केवळ उष्णतेचे किरण टिपतो. प्रत्येक ऊबदार वस्तूंतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात. माणसाच्या त्वचेंतून निघणाऱ्या या किरणांची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतकी असते. कांहीं स्फटिकांवर उष्णता कमीजास्त होतांच त्यांत विजेचा अल्पसा भार उत्पन्न होतो. टूर्मलिन नांवाच्या खड्याचा हा गुण पूर्वींपासून माहीत होता आणि १८२४ सालीं डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानें त्याचें नामकरण केलें. याच गुणाचे दोन लहान तुकडे सेन्सरांत शेजारीं शेजारीं, परंतु एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोहोंवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचा हिशेब शून्य होतो, आणि म्हणून भिंत हळूहळू तापली तरी सेन्सर गप्प राहतो. माणूस मात्र आधीं एका तुकड्यापुढून आणि मग दुसऱ्यापुढून जातो. तेव्हां विजेची एक लाट वर आणि एक खालीं अशी उमटते व सेन्सरला चाहूल लागते.

सेन्सरच्या तोंडावर जी पांढुरकी, घडीघडीची पट्टी दिसते, ती फ्रेनेलची भिंगें होत. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२० नंतर दीपगृहांसाठीं अशीं चपटीं भिंगें सिद्ध केलीं. दीपगृहांत तीं प्रकाश दूर फेंकतात. येथें तीं समोरच्या जागेचे पंख्याच्या काड्यांसारखे भाग पाडून प्रत्येक भागांतील उष्णता आंतल्या स्फटिकावर आणून सोडतात. एका काडींतून दुसऱ्या काडींत जो जातो, तो लगेच कळतो. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सेन्सरच्या समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन दिसतो, परंतु सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो. म्हणून फाटकाच्या अगदीं समोर, वाटेच्या टोकाला सेन्सर लावण्यापेक्षां वाटेच्या कडेला, येणारा आडवा जाईल असा लावावा.

आतां खानदेशच्या उन्हाची गोष्ट. हा सेन्सर माणूस ओळखतो तो भोंवतालच्या आणि त्याच्या उष्णतेंतील फरकावरून. जानेवारींतील पहांटे भिंत १२-१५ अंशांवर असते आणि माणसाची त्वचा व कपडे तिच्याहून कितीतरी ऊबदार असतात. तेव्हां तो ठळक दिसतो. मे महिन्यांत रात्रीं नऊ-दहाच्या सुमारास अंगणाची फरशी आणि कंपाउंडाची भिंत यांची उष्णता त्वचेच्या उष्णतेच्या, म्हणजे ३३ ते ३६ अंशांच्या, आसपास येऊन ठेपते. फरकच उरला नाहीं तर दिसणार काय? पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईनें लिहावें तसा प्रकार होतो. चांगल्या सेन्सरांत याची भरपाई केलेली असते. हवा जसजशी त्वचेइतकी तापते तसतशी त्यांची ग्रहणशक्ति वाढते. परंतु त्या वाढलेल्या शक्तीबरोबर चुकीच्या चाहुलीही वाढतात. म्हणजे जेव्हां आपण गच्चीवर निजतों, त्याच दिवसांत अंगणांतील सेन्सर एकीकडे चोराला आंधळा आणि दुसरीकडे वाऱ्याला हळवा होण्याचा संभव असतो. थंड प्रदेशांत छापलेल्या माहितीपत्रकांतील १२ मीटरचा पल्ला आपल्या अंगणांत मे महिन्यांत मिळेलच, असें म्हणूनच धरूं नये.

चुकीच्या चाहुलींचीं कारणें तरी किती! घरांत हवा स्थिर असते. बाहेर तिला मोकळीक. उन्हानें तापलेलें केळीचें पान वाऱ्यानें हाललें, दोरीवर वाळत घातलेलें लुगडें फडफडलें, ढगाआडचें ऊन एकाएकीं फरशीवर पडलें, रस्त्यावरच्या मोटारीचा दिवा सरळ भिंगावर आला, कीं सेन्सरला माणसाचा भास होऊं शकतो. मांजर, भटकें कुत्रें, डुक्कर, क्वचित् वानर यांना तर खरीच ऊब असते. आणि सर्वांत मोठी फसगत सर्वांत लहान प्राणी करतात. भिंगावरून पाल सरकली किंवा कोळ्यानें समोर जाळें विणलें, तर डोळ्याजवळ धरलेलें बोट जसें डोंगर झांकतें, तशी ती पाल सेन्सरला माणसाएवढी होते. पाळीव प्राण्यांना न जुमानणारे म्हणून जे सेन्सर मिळतात, ते प्राणी जमिनीवर चालत असतील असें धरून केलेले असतात. कंपाउंडाच्या भिंतीवरून, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवरून, मांजर गेलें तर त्यांचा हिशेब चुकतो.

यावर कारागिरांनीं उपाय काढले आहेत. पहिला, एकाच पेटींत दोन निराळ्या इंद्रियांचा पहारा. त्यांत एक डोळा उष्णता पाहतो व दुसरा सूक्ष्म रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि ऐकतो. वस्तु हालली कीं परत आलेल्या लहरीची कंपनसंख्या बदलते. ख्रिश्चन डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलेलाच हा सिद्धांत. हा दुसरा डोळा उन्हानें फसत नाहीं व सरळ चालून येणाराला अधिक चांगला ओळखतो, म्हणजे पहिल्याची उणीव भरून काढतो. मात्र तो पातळ भिंतींतून पलीकडचें पाहतो, आणि खडखडणारें पत्र्याचें फाटक किंवा प्लॅस्टिकच्या नळांतून वाहणारें पाणी यांनाही चळवळ समजतो. दोघांनीं एकदम होकार दिला तरच पेटी बोलते, म्हणून खोट्या हांका पुष्कळ कमी होतात. दुसरा उपाय अवरक्त किरणांच्या अदृश्य दोरीचा. कंपाउंडाच्या एका टोकाला किरण सोडणारी व दुसऱ्या टोकाला तो झेलणारी पेटी बसवितात. अशा दोन समांतर किरणांपैकीं दोन्ही एकाच वेळीं तुटले तरच खूण मिळते, त्यामुळें चिमणी किंवा पान मधून गेलें तरी ती शांत राहते. लांब, सरळ भिंत असेल तेथें ही योजना उत्तम.

कोणतीही पेटी घेतांना ती बाहेर बसविण्यासाठींच केलेली आहे ना, हें पाहावें. तिच्यावर आयपी ६५ असा अंक असेल तर पहिल्या ६ चा अर्थ धूळ मुळींच आंत जात नाहीं, आणि ५ चा अर्थ पाण्याचा फवारा मारला तरी बाधत नाहीं. काळ्या मातीची धूळ आणि वळवाचा पाऊस दोन्ही ज्या मुलखांत आहेत, तेथें या अंकाकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

येथवर पहारेकऱ्याचा विचार झाला. आतां पहाऱ्याच्या रचनेचा. अलार्मच्या भाषेंत तिला झोन म्हणतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. जुन्या ग्रामव्यवस्थेंत खानदेशांतील गांवांना जागल्या असे, आणि पुष्कळ ठिकाणीं तो भिल्ल समाजांतील असे. चोरी झाली कीं पाऊलखुणांचा माग काढीत तो आपल्या गांवच्या शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला कीं पुढची जबाबदारी त्या गांवच्या जागल्यावर येई. प्रत्येकाची शीव ठरलेली असल्यानें कोणी कोठें पाहावयाचें, यांत गोंधळ नसे. झोन म्हणजे अशीच शीव. पुढचें दार एक झोन, परसदार दुसरा, दिवाणखाना तिसरा, अंगण चौथा. आणि प्रत्येक झोननें चाहूल दिली असतां पॅनेलनें काय करावें, हें निरनिराळें ठरवितां येतें.

प्रत्येक झोनची तार पॅनेलपासून निघून कळांमधून फिरून परत येते. दाराखिडक्यांना तारा जोडून घंटा वाजविण्याच्या योजनेचें पेटंट अमेरिकेंतील ऑगस्टस रसेल पोप यांना १८५३ सालीं मिळालें, तेव्हांपासून मूळ तत्त्व फारसें बदललेलें नाहीं. आज या तारेच्या शेवटच्या टोकाला एक लहानसा रोधक बसवितात. पॅनेल त्या रोधकाचें माप सतत घेत राहतें. तार कापली तर माप अनंत होतें, दोन तारा पिळून जोडल्या तर शून्य होतें. दोन्ही प्रकार पॅनेलला कळतात. मात्र हा रोधक तारेच्या टोकाला, म्हणजे सेन्सरच्या पेटींत, असला पाहिजे. काम लवकर उरकावें म्हणून तो पॅनेलमध्येंच बसविला तर तारेचें रक्षण होत नाहीं. बाहेरच्या सेन्सरची तार चोराच्या हाताला लागूं शकते, म्हणून ही खबरदारी तेथें दुप्पट महत्त्वाची. पेटीचें झांकण उघडलें तर खूण देणारी कळही तींत असते. ती चोवीस तास जागत्या झोनला जोडावी.

आणि बाहेरचा सेन्सर दारांच्या झोनमध्यें कधींही मिसळूं नये. देवपुरांतील गुरुजींच्या घरीं हीच चूक झाली. दोघांची तार एक असल्यामुळें अंगणाची कटकट बंद करावयाची तर दारांचा पहाराही बंद करावा लागे. झोन निराळा असता, तर वादळी रात्रीं एक कळ दाबून अंगण तेवढें वगळतां आलें असतें आणि परसदार जागें राहिलें असतें.

मग अंगणाच्या झोननें करावयाचें तरी काय? त्यानें अंगणांतील दिवा लावावा आणि घरांत हलकी घंटा वाजवावी. अंधारांत आलेल्या माणसावर एकाएकीं उजेड पडला कीं त्याला आपण दिसलों हें कळतें. पुष्कळदां तेवढ्यानें काम होतें. आणि ते मांजर असेल तर कोणाची झोंप मोडत नाहीं. मोठा भोंगा मात्र दोन साक्षीदारांशिवाय वाजूं नये. अंगणाचा झोन हालला आणि त्यानंतर एका मिनिटाच्या आंत परसदाराची कळ उघडली, किंवा अंगणांतील दोन निरनिराळ्या सेन्सरांनीं एकापाठोपाठ चाहूल दिली, तरच भोंगा, अशी अट बऱ्याच पॅनेलांत घालतां येते. एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून न्यायाधीश निकाल देत नाहीं. पॅनेललाही तोच शहाणपणा शिकवावा. परंतु दार उघडणें हा स्वतःच पक्का पुरावा आहे. त्याला दुसऱ्या साक्षीची अट लावूं नये.

उदाहरणादाखल जळगांवकडील एखादा लहान बंगला घेऊं. पुढच्या दाराची कळ पहिल्या झोनवर. तिला ३० सेकंदांचा अवधि द्यावा, म्हणजे घरचा माणूस आंत येऊन आंकडे दाबूं शकेल. परसदार व खिडक्या दुसऱ्या झोनवर. तेथें अवधि नाहीं, उघडतांच भोंगा. दिवाणखान्यांतील सेन्सर तिसऱ्या, जिन्याचें दार चौथ्या, पुढचें अंगण पांचव्या आणि परसू सहाव्या झोनवर. शेवटच्या दोहोंना दिवा व हलकी घंटा. सातवा झोन चोवीस तास जागा. त्यावर पेट्यांच्या झांकणांच्या कळा आणि उशाजवळचें संकटाचें बटण. या मांडणीचा कणा दाराखिडक्यांच्या कळा हाच आहे, हें ध्यानांत ठेवावें. लोहचुंबकाला मे आणि जानेवारी सारखेच. पैसे मोजके असतील तर ते आधीं येथें खर्चावे व उरल्यास अंगणांत.

आतां गच्चीवर निजण्याचा प्रश्न. बहुतेक पॅनेलांत दोन रीति असतात: घर सोडून जातांना सारे झोन जागे ठेवण्याची, आणि घरांत निजतांना केवळ बाहेरचीं दारें-खिडक्या जाग्या ठेवून आंतले सेन्सर निजविण्याची. घरांत वावरणाऱ्या माणसांनीं भोंगा वाजूं नये, म्हणून ही दुसरी रीत. उन्हाळ्यांत आपण घरींच आहों म्हणून सवयीनें हीच रीत लावतों, आणि तेथेंच फसतों. कुटुंब गच्चीवर असतें तेव्हां खालचा मजला रिकामाच असतो. म्हणून तेथील आंतले सेन्सरही जागे ठेवले पाहिजेत. त्यासाठीं तिसरी, उन्हाळी रीत बसवून घ्यावी. तींत खालचे सर्व झोन जागे, जिन्याच्या दाराला व जिन्यासमोरच्या सेन्सरला ४५ सेकंदांचा अवधि, आणि हलकी घंटा खालीं नव्हे तर गच्चीवर, निजणाऱ्यांच्या उशाशीं. रात्रीं कोणाला खालीं जावयाचें झालें तर किल्लीच्या जुडग्यांतील लहान बटणानें आधीं पहारा उतरवावा आणि परत येतांच चढवावा. हें बटण घरांतील एका ठरलेल्या मोठ्या माणसापाशीं असावें. घंटा वाजली तर एकट्यानें अंधारांत खालीं उतरूं नये. गच्चीवरूनच दिवे लावावे, हांका माराव्या आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावें. पाटल्या पुन्हां करतां येतात.

खानदेशांतील आणखी एक दुर्लक्षित जागा म्हणजे कूलरची खिडकी. मार्च लागतांच खिडकीचें तावदान उघडून बाहेरून कूलर लावला जातो आणि जूनपर्यंत ती खिडकी नांवालाच बंद असते. तेथें कळ लावावयाला तावदानच नसतें, म्हणून बसविणारा ती सोडून देतो. आंतून पक्के गज हा पहिला उपाय. त्याखेरीज कूलरच्या मागें दोरीसारखी एक बारीक तार झोनमध्यें अशी गुंतवावी, कीं कूलर बाहेर ओढतांच ती तुटावी. कूलरच्या झोतासमोर मात्र आंतला सेन्सर ठेवूं नये. गार हवेच्या लाटा आणि हालणारे पडदे त्याला भुलवितात.

विजेचाही विचार आलाच. वीज गेली तरी पहारा चालावा म्हणून पॅनेलमध्यें बहुधा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून ०.१५ अँपिअर वीज घेत असतील, तर कागदावर ती सुमारें ४६ तास पुरेल. परंतु शिशाच्या बॅटरीचें आयुष्य उष्णतेनें झपाट्यानें घटतें. दर दहा अंशांना तें साधारण निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. म्हणून पश्चिमेच्या तापत्या भिंतीवर पॅनेल लावूं नये, हिशेबांतले निम्मेच तास हातीं धरावे, आणि दोन-तीन वर्षांनीं बॅटरी बदलावी. बाहेरून येणाऱ्या लांब तारा विजेच्या कडकडाटांत झटका ओढून आणतात. त्यांच्यावर झटका रोखणारा जोड बसवून घ्यावा.

बसविणारा माणूस गेल्यावर आपलें काम संपत नाहीं. सेन्सर सुमारें सव्वादोन मीटर उंचीवर असावा, किंवा त्याच्या पत्रकांत सांगितली असेल तेवढ्या उंचीवर. त्याचें तोंड किंचित् खालीं असावें, म्हणजे त्याची नजर कंपाउंडाच्या आंतच संपेल व रस्त्यावरचा वाटसरू तींत येणार नाहीं. पश्चिमेच्या उन्हाकडे त्याला तोंड करूं देऊं नये. मग चालून परीक्षा घ्यावी, आणि ती एकदांच नव्हे. मे महिन्यांत रात्रीं नऊ वाजतां एकदां, आणि कडाक्याच्या थंडींत पहांटे एकदां. उन्हाळ्यांत पल्ला आंखडतो, हिंवाळ्यांत तोच लांबून रस्त्यापर्यंत जातो. दोन्ही ऋतूंत चालतील अशा बेतानें त्याची ग्रहणशक्ति ठरवावी. महिन्यांतून एकदां भिंग ओल्या मऊ फडक्यानें पुसावें, जाळीं झाडावीं आणि समोर आलेल्या फांद्या छाटाव्या. पाऊसकाळांत वेली किती लवकर वाढतात, हें आपण जाणतोंच.

शेजारधर्माचीही एक गोष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंतचा काळ शांततेचा मानला आहे, आणि निवासी भागांत रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खऱ्या संकटाची हांक निराळी. परंतु मांजरासाठीं तासभर वाजणाऱ्या भोंग्याला संकट म्हणतां येणार नाहीं. तीन-चार मिनिटांनीं तो आपोआप थांबेल असें करून घ्यावें आणि शेजारच्या दोन घरांना आधींच सांगून ठेवावें, कीं आमच्याकडे हलकी घंटा वाजली तर निजून राहा, मोठा भोंगा वाजला तर मात्र या. असें सांगितलेलें शेजारी लक्षांत ठेवतात. आणि पोलिस येईपर्यंतच्या मिनिटांत त्यांच्याइतका जवळचा आधार दुसरा नाहीं.

देवपुरांतील गुरुजींनीं पुढें तारा निराळ्या करून घेतल्या. अंगणांतील सेन्सर भिंतीवरून काढून वाटेच्या कडेला आणला, निंबाची एक फांदी तोडली, आणि त्याची चाहूल आतां त्यांच्या उशाशीं असलेल्या लहान घंटेवर येते. बहुतेक रात्रीं ती एखाददोनदां किणकिणते. गुरुजी डोळे उघडून गच्चीच्या कठड्यावरून खालीं पाहतात, दिव्याच्या उजेडांत तेंच तपकिरी मांजर परसाकडे जातांना दिसतें, आणि ते पुन्हां आडवे होतात. मोठा भोंगा ते महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां, शेजाऱ्यांना सांगून, अर्धा मिनिट वाजवून पाहतात. एरव्हीं त्या घरीं आतां निजतांना पहारा बंद करीत नाहींत.